सिमला ऑफिस आणि श्रीवर्धनची वाडी

पुण्यास शिवाजीनगरच्या बाजूला घड्याळाचा मनोरा असलेली एक दगडी इमारत आहे. तिच्यापुढील चौकास बसचे कंडक्टर अद्यापि ‘सिमला ऑफिस’ असेंच म्हणतात. वैशाखाच्या भर दुपारीं रस्त्यावरचें डांबर चपलांना चिकटत असावें आणि कोणीतरी ‘सिमला, सिमला’ म्हणून पुकारावें, हा विनोद परगांवच्या पाहुण्यांस प्रथम उमगत नाहीं. आमच्याकडे उतरलेल्या एका वऱ्हाडी गृहस्थांनीं तर तेथें बर्फाचा कारखाना असावा असा तर्क केला होता. खरी गोष्ट अशी कीं, हिंदुस्थानच्या हवामान-खात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें आणि येतांना आपलें नांवहि सामानाबरोबर घेऊन आलें. पुढें १९४४ सालीं मुख्य कचेरी दिल्लीस हलली. इमारत, तिच्यांतील बरेंचसें काम आणि नांव हीं मागें राहिलीं.

या इमारतीशीं आमच्या घराचा संबंध एवढाच कीं, पाऊस चुकला म्हणजे तिला बोल लावावयाचा. आमच्या आजोबांनीं तो लावला, वडिलांनीं लावला, आणि छत्री न घेतां बाहेर पडून भिजून आल्यावर आम्हींहि लावला आहे. परंतु २०२० सालीं आमच्या आप्तांत अशी एक गोष्ट घडली कीं, तेव्हांपासून आम्ही त्या मनोऱ्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. ती पुढें सांगूं. आधीं त्यामागील गणिताची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. हवामानबदलाच्या संकटास तोंड देण्याच्या कामीं संगणक, उपग्रह, मोबाइल इत्यादि नवीं साधनें कितपत उपयोगीं पडतात, हा प्रश्न आजकाल सभांतून आणि शाळांच्या निबंधांतून वारंवार येतो. आणि त्याचें उत्तर बहुधा ‘सर्व कांहीं’ किंवा ‘कांहींच नाहीं’ या दोहोंपैकीं एक असतें.

जुन्या पिढींत ‘हवापालट’ या शब्दाचा अर्थ महिनाभर महाबळेश्वर किंवा माथेरान असा होता. आजारी माणसानें जागा बदलावी, म्हणजे त्याला निराळी हवा मिळे. आतां माणसें जागच्या जागीं बसलीं आहेत आणि हवाच पालटली आहे. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ सालीं मोजणी सुरू झाली तेव्हां हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायॉक्साइडचे सुमारें ३१५ भाग होते. २०२४ सालची सरासरी ४२४ च्या वर गेली. दगडी कोळसा आणि तेल जाळून आपण हें केलें. समुद्र तापला, त्यावरून येणारा वारा अधिक ओलावा धरूं लागला, आणि त्या ओलाव्याचा हिशेब आपल्या अंगणांत चुकता होऊं लागला. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं असें दाखविलें कीं, मध्य हिंदुस्थानांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत तिपटीनें वाढले. मुंबईकरांस हें सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच शहराच्या दुसऱ्या टोंकास, कुलाब्यास, शंभरहि नाहीं. आणि एवढें आभाळ कोसळणार असें आदल्या दिवशीं कोणींहि सांगितलेलें नव्हतें.

आमच्या आजीचें पंचांगावर भारी प्रेम. मृगाचें वाहन काय, हें पाडव्यालाच वाचून ठेवावयाचें. बेडूक किंवा म्हैस निघाली कीं आजी प्रसन्न. कोल्हा निघाला कीं तांदळाची आणखी एक गोणी माजघरांत. आम्ही तिला हंसत असूं. परंतु आज विचार करतां असें वाटतें कीं, आजीचें पंचांग आणि त्या काळच्या साहेबाचें शास्त्र यांत एक गोष्ट समान होती: आजवर जसें घडलें तसेंच पुढें घडेल, हा विश्वास. मोठ्या दुष्काळानंतर हवामान-खात्यानें १८८६ सालीं मान्सूनचें पहिलें रीतसर भाकीत केलें, तें मुख्यतः हिमालयावर किती बर्फ पडलें आहे यावरून. १९०४ सालीं त्या खात्याचे प्रमुख म्हणून आलेले गिल्बर्ट वॉकर हे हाडाचे गणिती. बासरी आणि फेकली असतां परत येणारें बूमरँग हे त्यांच्या अभ्यासाचे आवडते विषय. त्यांनीं कारकुनांच्या रांगा बसविल्या, साऱ्या जगांतील वायुभाराचे, पावसाचे व उष्णतेचे जुने आंकडे मागविले, आणि कोठें काय झालें असतां हिंदुस्थानांत पाऊस कसा पडतो, याचीं कोष्टकें करविलीं. यंत्र नव्हतें, कारकुनाची पेन्सिल हेंच यंत्र. त्या मेहनतींतून प्रशांत महासागराच्या दोन टोंकांमध्यें वायुभाराचा जो झोपाळा हालतो, तो वॉकरसाहेबांच्या दृष्टीस पडला. आज वृत्तपत्रांतून ‘एल निनो’चा जो बोभाटा होतो त्याचें एक मूळ तेथें आहे.

पण ही सारी इमारत जुन्या आंकड्यांवर उभी. हवाच पालटली तर जुने आंकडे साक्ष देतील कशी? आजोबांच्या वेळीं विहिरीला चैत्रांत किती पाणी असे, हें सांगून आजच्या विहिरीचा अंदाज लागत नाहीं, कारण मध्यंतरीं शेजाऱ्यांनीं दहा कूपनलिका मारलेल्या असतात. मग एकच मार्ग उरतो: मागें काय झालें तें बाजूस ठेवून, हवा, पाणी आणि उष्णता यांचे जे अबाधित नियम आहेत त्यांवरून उद्यांचा दिवस गणितानें काढावयाचा.

हा विचार नवा नाहीं. लुइस रिचर्डसन नांवाच्या एका इंग्रज गणितज्ञानें पहिल्या महायुद्धांत, फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची ने-आण करीत असतां, हा उद्योग चालविला. पृथ्वीवरील हवेचे चौकोन पाडावे. प्रत्येक चौकोनांतील वारा, उष्णता, ओलावा व दाब लिहून घ्यावा. शेजारच्या चौकोनांतून काय येईल आणि त्यांत काय जाईल, याची वजाबाकी-बेरीज करून थोड्या वेळानंतरची स्थिति काढावी. आणि तीच पायरी पुनः पुनः चढत जावी. गृहिणी महिन्याचा जमाखर्च मांडते त्याहून हें तत्त्वतः निराळें नाहीं. निराळें आहे तें वहीचें आकारमान. सहा तासांच्या हवेचें गणित करण्यास रिचर्डसनला सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकलें. मध्यंतरीं तें हस्तलिखित लढाईच्या धामधुमींत हरवलें होतें, तें कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. १९२२ सालीं त्यानें आपली फजिती लपवून न ठेवतां ती पुस्तकरूपानें छापिली, हा त्याचा मोठेपणा. आणि त्यांत लिहिलें कीं, हवेच्या चालीबरोबर गणिताची चाल ठेवावयाची तर चौसष्ट हजार माणसें एका प्रचंड सभागृहांत बसवावीं लागतील. ती माणसें १९५० सालीं मिळालीं. अमेरिकेंतील ‘एनिॲक’ या विजेच्या गणनयंत्रानें चोवीस तासांचें भाकीत सुमारें चोवीस तासांत काढलें. म्हणजे उद्यां काय होणार हें उद्यां कळलें. तरीपण शास्त्रज्ञ आनंदले, आणि तें योग्यच होतें.

पुण्यास पाषाणला आज जें यंत्र आहे त्याचें नांव ‘अर्क’. तें २६ सप्टेंबर २०२४ रोजीं सुरू झालें. त्याच्या आधीं २०१८ पासून ‘प्रत्यूष’ होतें. ‘अर्क’ एका सेकंदांत जितकीं गणितें करतें तो आंकडा लिहावयाचा तर एकावर पंधरा शून्यें द्यावीं लागतात आणि त्याची सुमारें पावणेबारा पट करावी लागते. भास्कराचार्यांच्या लीलावतींत त्या पंधराव्या शून्याच्या स्थानास ‘अंत्य’ असें नांव आहे. प्राचीनांस सर्व ठाऊक होतें, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. परंतु एवढ्या मोठ्या संख्येस आपल्या घरांत आधींपासूनच नांव असावें, याची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं. या यंत्रांचीं नांवेंहि उषःकालचीं व सूर्याचीं आहेत; दिल्लीजवळ नोएडा येथील धाकट्या भावंडांचीं नांवें ‘मिहिर’ व ‘अरुणिका’. ढगांचें गणित करणाऱ्यांस सर्व नांवें सूर्याचींच कां सुचावीं, हें आम्हांस कळत नाहीं.

पूर्वीं या गणिताचा चौकोन बारा किलोमीटरांचा होता, तेव्हां पर्वती आणि पाषाण यांच्या वांट्यास एकच पाऊस येण्याचा संभव असे. मे २०२५ पासून पुण्यास तयार झालेल्या नव्या पद्धतींत तो चौकोन सहा किलोमीटरांवर आला. तरी आमच्या गल्लींत पाऊस आणि पुढच्या गल्लींत ऊन, हें त्यांत मावावयाचें नाहीं. शिवाय दुसरी एक अडचण अशी आहे कीं ती कोणत्याहि यंत्रानें सुटण्याजोगी नाहीं. १९६१ सालीं एडवर्ड लॉरेंझ या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक गणित यंत्रास पुनः घालतांना .५०६१२७ ऐवजीं .५०६ एवढेंच लिहिलें, आणि कॉफी घेऊन परत येतो तों उत्तर पार भलतीकडे गेलेलें. आरंभींची केसाएवढी चूक दोन आठवड्यांत डोंगराएवढी होते. म्हणून हल्लीं एकच गणित किंचित् निरनिराळ्या आरंभांनीं अनेकवार करतात. दहांपैकीं सात वेळां पाऊस निघाला तर ‘शक्यता शेंकडा सत्तर’ असें म्हणतात. हें ऐकून आमचे शेजारी विचारतात, ‘म्हणजे पडणार कीं नाहीं?’ या प्रश्नास शास्त्राकडे उत्तर नाहीं, आणि शेतकऱ्याला नेमकें तेंच हवें असतें.

तें न मिळाल्यास काय होतें, हें २००९ सालीं दिसलें. एप्रिलमध्यें सरासरीच्या ९६ टक्के पावसाचें भाकीत झालें. पडला ७८ टक्के. आणि जुलै २०१७ मध्यें बीड जिल्ह्यांतील माजलगांव तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनीं, भाकितावर विसंबून केलेली पेरणी वायां गेली म्हणून, हवामान-खात्याविरुद्ध थेट पोलिसांत तक्रार दिली. शहरांतील लोक त्या बातमीला हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. बियाणें एकदां मातींत गेलें म्हणजे तें परत काढून घेतां येत नाहीं. दुबार पेरणीचा पैसा सावकाराकडून येतो. आणि ज्याच्या शब्दावर आपण आपलें सर्वस्व टाकलें त्याला जाब विचारावा, असें वाटणें हें मूर्खपणाचें लक्षण नव्हे. उलट त्यांनीं त्या यंत्राच्या शब्दास किती मोल दिलें होतें, हेंच त्या तक्रारींत दिसतें.

वादळाच्या बाबतींत मात्र हें शास्त्र पुष्कळ सरस ठरलें आहे. ऑक्टोबर १९९९ मध्यें ओरिसाच्या किनाऱ्यावर आलेल्या महावादळांत सुमारें दहा हजार माणसें गेलीं. वादळ येणार हें तेव्हां मुळींच ठाऊक नव्हतें असें नाहीं. परंतु तें नेमकें कोठें, केवढें, हें गांवोगांव वेळेवर पोंचलें नाहीं, आणि पोंचलें तेथें जावयास जागा नव्हती. पुढें त्या प्रांतानें किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, भोंगे बसविले, तरुणांस शिकवून तयार केलें. ३ मे २०१९ रोजीं ‘फनी’ वादळ पुरीजवळ आलें तेव्हां सुमारें बारा लाख लोक आधींच हलविलेले होते. सव्वीस लाख संदेश मोबाइलवर गेले. आणि त्यांबरोबर त्रेचाळीस हजार स्वयंसेवक पायीं फिरले. मृतांची संख्या शंभराच्या आंत राहिली. दैनिकांनीं त्या सव्वीस लाखांचें फार कौतुक केलें. आम्हांस त्या त्रेचाळीस हजारांचें अधिक वाटतें, आणि तसें कां वाटतें तें आतां सांगावयाचें आहे.

आमच्या एक मावशी श्रीवर्धनास राहतात. वय ऐंशीच्या पुढें. घर कौलारू, मागें समुद्राच्या अंगाला सुपारी-नारळाची वाडी. श्रीवर्धनची रोठा सुपारी सर्वत्र नांवाजलेली, आणि मावशींच्या सासऱ्यांनीं लावलेलीं झाडें त्याच जातीचीं. मुलें परदेशीं. सोबतीस वाडीवर काम करणारें एक जोडपें. २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस, टाळेबंदी चालू असतां, अरबी समुद्रांत कमी दाबाचा पट्टा झाल्याचें वृत्त आलें. २ जूनला त्याचें चक्रीवादळ झालें. नांव ‘निसर्ग’; तें बांगलादेशानें सुचविलेलें होतें, पण मराठी कानांस तें आपलेंच वाटलें. किनाऱ्यास तें कोठें लागणार, याचा अंदाज खात्यानें आदल्या दिवशींच रायगड जिल्ह्यापर्यंत आणून ठेवला होता, आणि तो खरा ठरला.

आम्हीं पुण्याहून फोन केला. ‘मावशी, घर सोडा, पक्क्या इमारतींत जा.’ त्यांनीं उत्तर दिलें, ‘अरे, वादळें काय मीं पाहिलीं नाहींत? या घराला सत्तर पावसाळे झाले.’ त्यांच्या मोबाइलवर सरकारी इशारा आला होता. तो त्यांनीं वाचला नव्हता. अक्षर बारीक, आणि रोज येणाऱ्या जाहिरातींच्या रांगेंत तोहि एक. नगरपरिषदेची कर्णा लावलेली गाडी येऊन गेली. तिच्यावरचें बोलणें वाऱ्यांत अर्धेंच ऐकूं आलें. ३ जूनला सकाळीं त्यांच्याकडे नारळ पाडावयास येणारा जीवन्याच्या कोळीवाड्यांतला एक तरुण दारांत उभा राहिला. ‘आजी, समुद्राचा रंग बरा नाहीं. उठा.’ एवढेंच बोलला, आणि ज्या बाईंनीं कोणाचें ऐकलें नाहीं त्यांनीं देवांतला बाळकृष्ण पदरांत घेतला, घरास कुलूप लावलें आणि त्याच्याबरोबर शाळेच्या इमारतींत गेल्या. मागाहून आम्हीं त्याला विचारलें, ‘तुला समुद्राच्या रंगावरून कळलें काय?’ तो हंसला. म्हणाला, ‘नाय हो. मोबाइलवर चित्र आलं होतं. पण आजींना चित्र सांगून काय उपेग?’

दुपारीं एकच्या सुमारास आम्ही पुण्यांत टेबलाशीं बसून उपग्रहानें पाठविलेलें चित्र पाहत होतों. पांढऱ्या ढगांची भोंवरी किनाऱ्यास भिडली होती. तिच्या मध्याचे अक्षांश-रेखांश दिसत होते. वाऱ्याचा वेग ताशीं शंभर-सव्वाशें किलोमीटर असा आंकडा दिसत होता. दर अर्ध्या तासानें चित्र नवें होई. आणि फोन लावावा तर, ‘आपण ज्यांस संपर्क करूं इच्छितां ते क्षेत्राबाहेर आहेत.’ विजेचे खांब पडले, मनोरे मुके झाले. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून त्या गांवावरचा ढग आम्हांस दिसत होता, आणि दीडशें किलोमीटरांवरची मावशी जिवंत आहे कीं नाहीं हें कळत नव्हतें. असे चार दिवस गेले. त्या चार दिवसांत घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. बाहेर पडावयास परवाना लागे, तो मिळेना. पांचव्या दिवशीं सकाळीं अनोळखी क्रमांकावरून फोन आला. तोच तरुण. रस्त्यांतलीं झाडें ओलांडीत मोटारसायकल ढकलीत तो माणगांवच्या दिशेनें निघाला होता, आणि जेथें पहिल्यानें मोबाइलला जीव आला तेथें थांबून त्यानें खिशांतल्या चिठ्ठीवरचे सात क्रमांक एकामागून एक फिरविले होते. आमचा चवथा. ‘आजी बऱ्या हायेत. वाडी गेली.’

सव्वातीनशें सुपाऱ्यांपैकीं एकेचाळीस उभ्या राहिल्या. नारळ निम्म्याहून अधिक गेले. घरावरचीं कौलें शेजारच्या विहिरींत सांपडलीं. सुपारी लावल्यावर फळ धरावयास सहा-सात वर्षें जातात. मावशींनीं त्याच पावसाळ्यांत रोपें लावलीं. त्यांस ऐंशी वर्षें झालीं आहेत, हें कोणीं त्यांस आठवून दिलें नाहीं.

तेव्हां यंत्राचा उपयोग झाला कीं नाहीं? झाला. पाषाणचें गणित नसतें तर तो तरुण दारांत आला नसता, आणि मावशी कौलांखालीं सांपडल्या असत्या. परंतु तो तरुण नसता तर पाषाणचें गणित मावशींपर्यंत आलें नसतें. तें त्यांच्या पिशवींतल्या मोबाइलांत, न वाचलेलें, पडून राहिलें असतें. जुलै २०१४ मध्यें पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव डोंगर खचून गाडलें गेलें. दीडशेंच्यावर माणसें गेलीं. त्या वेळींहि आकाशांत उपग्रह होतेच. गांव जागेवर नाहीं, ही बातमी आणली ती नेहमींच्या फेरीवर आलेल्या एस्. टी.च्या चालकानें.

विजेपासून सावध करणारें ‘दामिनी’ नांवाचें एक ॲप पुण्याच्या संस्थेनें काढलें आहे. ठिकठिकाणीं बसविलेलीं यंत्रें विजेचा ठाव घेतात, आणि आपण उभे आहों तेथून वीस ते चाळीस किलोमीटरांच्या आंत ती कडाडत असली तर मोबाइल इशारा देतो. आपल्या देशांत दरवर्षीं दोन हजारांहून अधिक लोक विजेनें मरतात, त्यांत शेतांत काम करणारे फार. पण ज्या बाईच्या हातांत खुरपें आहे तिच्या हातांत मोबाइल नसतो. असला तर तो धन्याच्या खिशांत. शेतकऱ्यांच्या दुसऱ्या एका ॲपचें नांव ‘मेघदूत’. रामटेकच्या यक्षानें मेघाकरवीं निरोप धाडला होता. येथें मेघाचाच निरोप आपणांस यावयाचा. कल्पना गोड आहे. मात्र यक्षाचा निरोप कोणत्या घरीं, कोणत्या वाटेनें न्यावयाचा, हें त्यानें दूतास किती बारकाईनें समजावून दिलें होतें, हें संस्कृत शिकलेल्या आमच्या वाचकांस आठवत असेल.

ती वाट दाखविण्याचें काम करणारीं माणसें सरकारनें नेमलीं होतीं. देशांत १९९ जिल्ह्यांतून कृषिहवामानाचीं लहान केंद्रें काढण्यांत आलीं होतीं, त्यांत महाराष्ट्रांतीलहि कांहीं जिल्हे होते. दर मंगळवारीं व शुक्रवारीं तेथील तज्ज्ञ त्या जिल्ह्याचें भाकीत घेऊन त्याचा स्थानिक भाषेंत अर्थ लावीत: तीन दिवस पाऊस आहे, औषध फवारूं नका, वारा सुटणार, केळीला आधार द्या, उघडीप आहे, सोयाबीन काढून घ्या. ‘पडणार कीं नाहीं’ या प्रश्नाचें पुरें उत्तर त्यांच्यापाशींहि नव्हतें. पण ‘मग मीं काय करूं’ याचें असे. २०२४ च्या आरंभीं हीं केंद्रें बंद करण्यांत आलीं. आंकडे आतां यंत्रच गोळा करतें, मग माणसें कशास, असा विचार त्यामागें असल्याचें दैनिकांत आलें होतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ‘अर्क’ आणि ‘अरुणिका’ यांचें थाटानें उद्घाटन झालें. त्या यंत्रांवर साडेआठशें कोटि रुपये खर्च झाले. यंत्रांवर खर्च करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं, तो करावाच. पण साडेआठशें कोटींचा शब्द बांधापर्यंत नेणाऱ्या माणसाचा पगार मात्र डोळ्यांत खुपावा, हा हिशेब आमच्या आजीनें वाचला असता तर तिनें वही मिटून ठेवली असती.

विजेची एक बाजू राहिली, ती थोडक्यांत सांगूं. हवामानबदलास आळा घालावयाचा तर कोळशाऐवजीं ऊन आणि वारा यांपासून वीज घ्यावयाची, हें सर्वांस मान्य आहे. परंतु कोळसा सांगितल्या वेळीं जळतो. ऊन-वारा सांगितल्या वेळीं येत नाहींत. म्हणून आपले वीज वाटणारे अधिकारी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यांत कोठून किती वीज येणार, हें आदल्या दिवशीं मांडून ठेवतात. सायंकाळीं सूर्य मावळतो आणि घरोघर दिवे लागतात त्या घटकेस कोयनेचें पाणी सोडावें लागतें. किती सोडावें, हें उद्यां ढग येणार कीं नाहीं यावर ठरतें. म्हणजे पुनः तेंच गणित. या कामीं संगणकाचा उपयोग वादातीत आहे, कारण येथें यंत्राचा शब्द यंत्रासच कळवावयाचा असतो. दुसरीकडे, हीं यंत्रें स्वतःहि वीज खातात. साऱ्या जगांतील माहिती साठविणाऱ्या केंद्रांनीं २०२४ सालीं सुमारें ४१५ अब्ज युनिट वीज घेतली. जगांतील एकूण विजेच्या हा शेंकडा दीड भाग. त्यांतली सगळीच कांहीं वाऱ्यापावसाच्या गणितास लागत नाहीं, हें घरांतील मुलांच्या मोबाइलकडे पाहून कोणीहि सांगेल.

मावशींनीं आतां ओटीवर एक पाटी टांगली आहे. मुलांची जुनी दगडी पाटी. रोज सायंकाळीं त्या पुण्यास फोन करतात आणि विचारतात, ‘काय रे, काय म्हणतंय तुमचं सिमला?’ आम्ही त्यांस तें वाचून दाखवितों, त्या खडूनें पाटीवर उतरवितात. कोळीवाड्यांतलीं पोरें, नारळ पाडणारे, दूधवाला, जातां-येतां ती वाचतात. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस मावशी ओटीवरून ओरडून सांगतात. त्याशिवाय त्यांनीं अंगणांत एक तांब्याचें घंगाळ ठेविलें आहे. कौटिल्यानें कोठाराच्या दारीं हातभर तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा असें लिहिलें आहे. तें आम्हीं त्यांस कधींतरी सांगितलें होतें, तें त्यांनीं अशा रीतीनें अमलांत आणिलें. घंगाळाचें पोट फुगीर असल्यामुळें तें माप शास्त्रशुद्ध नाहीं, हें आम्हीं त्यांस समजावून सांगितलें; त्यांनीं ऐकून घेतलें आणि घंगाळ तेथेंच राहूं दिलें.

गेल्या श्रावणांत आम्ही श्रीवर्धनास गेलों तेव्हां नवीं रोपें डोक्यापर्यंत आलीं होतीं. पाटीवर वरच्या बाजूस आदल्या सायंकाळीं आम्हींच वाचून दाखविलेलें भाकीत होतें, आणि खालीं मावशींच्या वळणदार अक्षरांत: ‘पुणें म्हणालें, जोराचा. घंगाळांत अडीच बोटें. उद्यां पुनः आहे. नारळ पाडूं नये, होड्या वर ओढून ठेवाव्या.’